कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर बसून काढलेलं चित्र घरी आल्यावर काळं का दिसतं?

कान्हकाठ:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबलंय.

मी इंदूरची, लोकमान्य नगरात राहते, बँकेत नोकरी. दोन वर्षं झाली जलरंग करतेय, मोबाइलवर काढलेले फोटो समोर ठेवून घरी टेबलावर, आणि ती चित्रं बरी होतात, नातेवाईक मागून नेतात इतपत. पण मला मनापासून हवंय ते बाहेर बसून काढणं. लहानपणी आमच्या वाड्याशेजारी एक काका राहायचे, रविवारी सकाळी सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून निघायचे आणि दुपारी परत यायचे तेव्हा त्या बोर्डावर नदी असायची, रंग अजून ओला, हात लावू द्यायचे नाहीत, ते माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

तर दिवाळीनंतर ओळीने पाच रविवार मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, म्हणजे होळकरांच्या त्या दगडी समाध्यांसमोर, जाऊन बसले. साडेसातला बसायचं, साडेदहाला उठायचं, कागद ११ बाय १५ इंचाचा, पाव इम्पीरियल. पाचही चित्रांचं एकच झालं, तिथे बसल्यावर वाटतं वा काय सुंदर जमलंय, आणि घरी येऊन हॉलमध्ये टेकवून ठेवलं की एकदम काळवंडलेलं, दगडाचा रंग म्हणजे नुसता चिखल. शिवाय एका छत्रीची सावली लांब आणि शेजारचीची आखूड, कारण पहिली मी आठला काढली आणि दुसरी दहाला. आणि लोक. पाठीमागे येऊन उभे राहतात, "मॅडम, सरकारी काम है क्या, नक्शा बना रहे हो?" असं विचारतात, वाईट कोणीच वागत नाही पण माझा हात आखडतो.

मिस्टर म्हणतात फोटो काढून आण आणि घरी शांतपणे रंगव, तेच छान होतं तुझं. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही हेही सांगता येत नाही. जे वर्षानुवर्षं आउटडोअर करतात त्यांनी प्लीज सांगा, मी चुकतेय कुठे?


जुना_ब्रश:

ताई, आधी मला एक सांगा, कागद उन्हात होता की सावलीत? तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैज लावतो की उन्हात होता.

पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की तो इतका चकाकतो की डोळ्याची बाहुली आकसते, आणि तुम्ही लावलेला प्रत्येक रंग फिका वाटायला लागतो, मग तुम्ही अजून गडद लावता, तोही फिका वाटतो, अजून एक हात मारता. उन्हात सगळं बरोबर दिसतं कारण कागदावर ऊन आहे. घरी ट्यूबलाइटखाली तेवढा उजेडच नसतो, मग तोच कागद काळा ठिक्कर. तुमचा हात चुकत नाहीये, कागद चुकीच्या जागी आहे. एक तर सावलीत बसा, नाहीतर बोर्ड असा उभा करून वळवा की ऊन त्याच्या पाठीवर पडेल आणि तुमच्या बाजूला सावली येईल. उन्हाची छत्री लावणार असाल तर पांढरी किंवा काळी, ती लाल-निळी रंगीत अजिबात नको, तिचा रंग कागदावर उतरतो आणि तुम्ही तो रंग मारत बसता. गॉगल लावत असाल तर काढा.

आता सावल्यांचं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तुम्ही तीन तास बसता म्हणजे ४५ अंश, तेवढ्यात अख्खा विषय बदलून जातो. बसल्याबसल्या पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार पेन्सिलने बंद करून टाका, कोपऱ्यात वेळ लिहा, आणि नंतर समोर काय वाटेल ते होवो त्यांना हात लावायचा नाही. दीड तास, फार तर दोन, मग उठायचं. चित्र राहिलं अर्धं तर राहू दे, पुढच्या रविवारी त्याच वेळेला त्याच दगडावर येऊन बसा.

आणि पाव इम्पीरियल सध्या बंद. पोस्टकार्ड किंवा ५ बाय ७. हे मी का सांगतोय ते सांगतो. मी विशीत होतो, आमचे सर आम्हा तिघांना घेऊन याच छत्र्यांसमोर आले होते, मी अर्ध्या इम्पीरियलचा बोर्ड मांडीवर घेऊन तयार. सरांनी बोर्ड काढून बाजूला ठेवला, खिशातून काडेपेटी काढली, माझ्या स्केचबुकावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली, अशी सहा वेळा, सहा चौकटी झाल्या, म्हणाले आज एवढंच, तीन टोनमध्ये, कोरा कागद, मधला करडा आणि काळा, चौथा टोन दिसला तर पान फाडीन. मी पहिल्या दोन चौकटींत शिखरावरची नक्षी भरत बसलो, काडेपेटीएवढ्या जागेत, विचार करा. सहाव्या चौकटीपर्यंत नक्षी सुटली आणि राहिला फक्त आभाळासमोर उभा असलेला एक गडद आकार आणि त्याच्या एका कडेला उन्हाची पट्टी. घरी जाऊन त्या एका चौकटीवरून मी चित्र केलं, ते माझं पहिलं उभं राहिलेलं लँडस्केप. आज वय ६८, अजूनही बसलो की आधी चौकटी काढतो.

चिखलाबद्दल. पाण्याचे डबे दोन ठेवा, एकात ब्रश धुवायचा, दुसरं पाणी फक्त रंगात घ्यायला. सावलीच्या दगडासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना, बस, दोनच, निळा जास्त घेतला की थंड करडा, तांबडा जास्त घेतला की उबदार, आणि ते पॅलेटवर पार एकजीव करू नका, कागदावर एकमेकांत सुटू द्या. मोठा ब्रश घ्या, १२ नंबरचा गोल. एकदा मारलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, अर्धवट वाळत असताना त्यात पुन्हा ब्रश घालायचा नाही, चिखल तिथेच होतो. एक तर ओला असताना, नाहीतर ठणठणीत वाळल्यावर.

राजवाड्यासमोर बसाल तेव्हा एक नीट बघा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, दोन्हींवर सावली एकाच सूर्याची पण रंग वेगळा दिसतो, दगडाची सावली आभाळाचा निळा घेते, लाकूड सावलीतही तपकिरी राहतं. फोटोत दोन्ही काळे येतात.


खडूवाली:

काकांनी रंगाचं सगळं सांगितलंच, मी लोकांबद्दल बोलते कारण बाईमाणसाला तो प्रश्न वेगळा असतो आणि पुरुषांना तो लवकर कळत नाही.

मी पेस्टल करते, बरीच वर्षं बाहेर बसतेय. पहिलं म्हणजे पाठ कधीच मोकळी ठेवायची नाही, भिंत, झाड, गाडी, काहीतरी पाठीशी हवंच, मागे उभं राहायला जागाच नसली की माणसं बाजूला येऊन उभी राहतात, ती आपल्याला दिसतात, हात आखडत नाही. दुसरं, जवळच्या चहावाल्याकडे आधी चहा घ्यायचा आणि त्याला सांगायचं की भैया, घंटाभर यहाँ बैठूँगी, चित्र बनाना है. एवढं सांगितलं की तो आपला माणूस होतो, नंतर जो येईल त्याला तोच समजावून सांगतो, मॅडम आर्टिस्ट है, लाइट मत रोको. हे मी कित्येकदा अनुभवलंय आणि दर वेळी मला भरून येतं.

लहान मुलं आली तर एक कोरा कागद आणि खडूचा तुकडा हातात द्यायचा. माझ्याकडे सराफ्याच्या मागच्या गल्लीतल्या एका मुलाने काढलेली गाय आहे, माझ्या त्या दिवसाच्या चित्रापेक्षा ती गाय चांगली आहे, मी जपून ठेवलीये.

आणि एकटीने निर्जन ठिकाणी जाऊ नका, आम्ही चौघीजणी मिळून जातो, एकमेकींशी बोलत नाही पण दिसेल इतक्या अंतरावर बसतो. पातालपाणीच्या धबधब्याला पावसाळ्यात गेलात तर धारेतल्या दगडांवर बसायचं नाही, कितीही सुंदर अँगल मिळत असला तरी. वर पाऊस झाला की पाणी कळायच्या आत चढतं, २०११ची दुर्घटना इंदूरकर विसरलेले नाहीत. रेलिंगमागून काढा.


महू_नाका:

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका.

बाहेर बसून चित्र पूर्णच करायचं हा हट्ट कशाला? इंग्रज चित्रकार टर्नर १८१९ मध्ये इटलीत फिरला तेव्हा त्याने बहुतेक नुसती पेन्सिल स्केचेस केली, वह्याच्या वह्या भरल्या, एक रंगवायला बसलो तर तेवढ्या वेळात पेन्सिलची पंधरा होतात असा त्याचा हिशोब होता. मोठी चित्रं सगळी नंतर स्टुडिओत. मी तसंच करतो. स्पॉटवर ४० मिनिटं, ४बी पेन्सिल, आणि स्केचवरच शब्दांत लिहून ठेवतो, आभाळ खाली पिवळट वर निळं, भिंत आभाळापेक्षा गडद, झाडाची सावली जांभळट, असं. मग त्याच दिवशी संध्याकाळी रंग, दुसऱ्या दिवशीवर ढकललं की डोळ्यातलं निघून जातं.

फोटोबद्दल मात्र तुमचं मन बरोबर सांगतंय. फोनची लेन्स वाइड असते, त्यामुळे जवळचं फुगतं आणि लांबचं बारीक होतं. जानापावला जाऊन बघा, जिथून चंबळ निघते, डोळ्याला तो डोंगर केवढा वाटतो आणि फोनमध्ये शेतामागची टेकडी. नुसत्या फोटोवरून काढलं तर ती टेकडीच येते. माझा मुद्दा एवढाच की फोटो आणि ऑन द स्पॉट यांच्यामध्ये पेन्सिलचा रस्ता आहे, नोकरी करणाऱ्या माणसाला तो परवडतो.


जुना_ब्रश:

महू नाका, रागावण्यासारखं काहीच नाही, पेन्सिलचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, ताईंनी ते करावंच. पण रंग पूर्ण सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण आपल्या गावातच आहे.

१९२७ मध्ये देवळालीकर मास्तरांनी इंदूरला चित्रकलेची शाळा काढली, त्यांच्या हाताखाली कोण कोण तयार झालं बघा, नारायण श्रीधर बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर गुरुजी. जोशींची माळव्याची चित्रं कुठे बघायला मिळाली तर जरूर बघा, मातीचा रंग ट्यूबमधला वाटत नाही, पायाखालचा वाटतो. बेंद्रे पुढे १९५० पासून बडोद्याला शिकवायला होते, त्यांची शैली नंतर किती बदलली, पण त्यांच्या सावलीत रंग असायचा तो शेवटपर्यंत राहिला, काळं भोक कधी नसायचं. हे सावलीतले रंग पेन्सिलच्या टिपणात जांभळट असा शब्द लिहून पूर्ण येत नाहीत. जांभळट म्हणजे किती? विटेशेजारचा की चुन्याशेजारचा? ते तिथेच ब्रशने लावून, चूक झाली की पुन्हा समोर बघून कळतं.

म्हणून मी सांगेन दोन्ही करा. पेन्सिल हवी तेवढी, आणि तिच्याबरोबर एक एवढासा रंगाचा तुकडा, पोस्टकार्डाएवढा, त्यात आकार नसला तरी चालेल, फक्त आभाळाचा पॅच, उन्हातल्या दगडाचा पॅच, सावलीतल्या दगडाचा पॅच, जमिनीचा पॅच, शेजारीशेजारी. मागे तारीख, वेळ, हवा कशी होती ते लिहा. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे किती अभ्यास केले, आणि कितीकांच्या मागे त्याने वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवलीये. माझ्याकडे शिरपूर तलावाचे असे पॅच एका बुटांच्या खोक्यात भरून ठेवलेत, डिसेंबरचं धुकं आणि फेब्रुवारीचं धुकं शेजारी ठेवलं की डिसेंबरचं निळं आणि फेब्रुवारीचं राखाडी-गुलाबी, मला स्वतःला हे डोळ्याने आठवलं नसतं.


वडाची_पारंबी:

मी मूळची इंदूरची, लग्नानंतर बडोद्याला, इथे कमाटीबागेत आणि सूरसागरच्या काठावर बसते. हवामानाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय, कारण ताईंनी थंडीत सुरुवात केलीये आणि मार्चनंतर त्यांना वाटेल की आपल्याला येत होतं तेही गेलं.

इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच खाली आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४४ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे दिवसभर सावल्या लांब, कधीही बसा विषय मिळतो. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, सावली पायाखाली, सगळं सपाट दिसतं, तेव्हा सकाळी साडेआठच्या आत उरकायचं नाहीतर संध्याकाळी पाचनंतर.

एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा गेला की वॉश ब्रशखालीच वाळतो, कडा उमटतात. तेव्हा कागद आधी दोन्ही बाजूंनी पाण्याने भिजवून बोर्डवर घ्या, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब, जास्त नाही, जास्त पडलं की चिकट होतं आणि वाळतच नाही. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि कॉटनचा असेल तर पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यात उलटं, तास झाला तरी ओलं, तेव्हा मी दोन बोर्ड नेते, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम.

आणि पावसाळ्यातला हिरवा! ट्यूबमधला हिरवा सरळ मारला की माळवा राहत नाही, प्लास्टिकचं गवत होतं. पिवळा आणि अल्ट्रामरीन मिसळून त्यात चिमूटभर बर्न्ट सायना टाका. इथल्या वडाच्या खालचा काळपट हिरवा मला असाच सापडला, चार महिने लागले.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा माझ्यासाठी एक चित्र काढा कोणीतरी, इंदूर-महू रस्त्याकडेचे पळस मला फार आठवतात.


कान्हकाठ:

दोन रविवार जाऊन आले, मग लिहितेय.

पहिल्या रविवारी रंग नेलेच नाहीत. काडेपेटी नेली, सहा चौकटी, तीन टोन. कागद खरंच उन्हात होता सगळे पाच रविवार, काकांची पैज बरोबर, मी उबेसाठी उन्हात बसत होते. या वेळी भिंतीला टेकून सावलीत बसले, शाल घेऊन. चौथ्या चौकटीत मी सगळं डावीकडे सरकवलं आणि उजवीकडे आभाळाला मोकळी जागा सोडली, आणि तेव्हा पहिल्यांदा छत्री जड वाटली, दगडाची वाटली.

चहावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. एक आजोबा बराच वेळ शेजारी उभे होते, शेवटी म्हणाले, "मराठी आहात का?" मी हो म्हटलं, ते म्हणाले मीपण लहानपणी इथे वडिलांबरोबर यायचो, ते चित्र काढायचे, मी दगड मोजायचो. पुढे काही बोलले नाहीत, अर्धा तास तिथेच बसून राहिले.

काल ५ बाय ७ वर रंग. पावणेआठला सावल्या बंद केल्या, कोपऱ्यात ७.४५ लिहिलं, सव्वानऊला उठले. छज्जाखालची सावली मी नेहमी पेन्स ग्रेने, त्या काळपट निळ्या-करड्या रंगाने, मारायचे, आपल्याला वाटतं तिथे काळोख आहे. काल दहा मिनिटं नुसतं त्या सावलीकडे बघितलं. वर निळसर आहे पण खालच्या कडेला, जिथे फरशीवर ऊन पडलंय त्याच्या बरोबर वर, एक फिकट शेंदरी उजेड आहे, खालून आलेला. कबूतर त्या जागेत उडालं तर त्याच्या पोटाखालीही तोच रंग. मी निळ्या करड्यात ओला असतानाच खालून थोडा बर्न्ट सायना सोडला आणि हात काढून घेतला. घरी आल्यावर हॉलमध्ये ठेवलं, काळं नाही. मिस्टर जेवताना दोनदा उठून बघून आले.

उजवीकडचं झाड मात्र बिघडलं, अर्धवट ओल्यात ब्रश घातला, फुलकोबीसारखे डाग आलेत. ते तसंच ठेवलंय.

एक प्रश्न आहे, जानेवारीत महेश्वरला जायचा विचार आहे, खडूवाली ताई आणि त्यांच्या मैत्रिणी येतायत म्हणतात. घाटावर किती वाजता बसावं?


जुना_ब्रश:

फार आनंद झाला वाचून. तो खालून आलेला शेंदरी उजेड दिसायला मला बरीच वर्षं लागली होती. फोटो टाका, झाडासकट टाका.

महेश्वर नर्मदेच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे घाट आणि किल्ला दक्षिणेकडे तोंड करून उभे. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडूनच जातो, त्यामुळे घाटावर दिवसभर ऊन असतं, पण दुपारी ते समोरून पडतं आणि पायऱ्या सपाट दिसतात. सकाळी ऊन एका कडेने येतं, प्रत्येक पायरीची उभी बाजू वेगळी आणि आडवी वेगळी, बुरुज गोल दिसतात. इंदूरहून नव्वदएक किलोमीटर आहे, पाचला निघालात तर साडेसातला बसलेल्या असाल. पहिल्याच दिवशी अख्खा किल्ला घ्यायला जाऊ नका, पायऱ्यांचा एक कोपरा, एक होडी, आणि पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या दगडापेक्षा किती गडद आहे तेवढं बघा. पाणी नदीचंच वापरा, डब्यातून नेऊ नका.

संध्याकाळी थांबणार असाल तर चारनंतर ऊन दुसऱ्या कडेने येतं, तेव्हा सकाळचीच जागा पुन्हा घ्या आणि दुसऱ्या कागदावर काढा.


खडूवाली:

पाचला गाडी माझ्या दारातून निघेल, सुदामा नगर. ताई, शाल आणा, नदीवर सकाळी बोटं गारठतात, मी थर्मास आणतेय. आणि काडेपेटी विसरू नका, आम्हा चौघींनाही चौकटी काढायच्यात.